उडालेला लाल रंग

मी एक जुने चित्र आहे. व्हिएतनामच्या बिन्ह दिन्ह प्रांतातल्या एका नाटकमंडळीचे पडदे रंगवणाऱ्या माणसाने उरलेल्या रंगांतून मला काढले. माझ्यात नट थुआन उभे आहेत: पाठीवर चार निशाणे, छातीवर रुळणारी पाच बटांची दाढी आणि लालबुंद चेहरा. मित्रांनो, आमच्या रंगभूमीवर लाल चेहरा म्हणजे एकनिष्ठ सेनापती आणि पांढुरका चेहरा म्हणजे राजाचे कान भरणारा दगाबाज मंत्री. हा मंत्री नुसता रंगमंचावर आला तरी प्रेक्षक शिव्या मोजायला लागतात.

थुआन गेले तेव्हा त्यांची मुलगी न्हान दोन वर्षांची होती. ती सायगॉनला मामाकडे वाढली. आमची नाटके तिने कधी पाहिलीच नाहीत. तिच्या आईने गावात शिवणाचे दुकान काढले आणि मला पश्चिमेच्या खिडकीशी टांगले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे म्हणून. "आमचे हे! सेनापती!" ती सांगायची. तीस वर्षे दुपारचे ऊन माझ्या तोंडावर पडले. पडद्याचा स्वस्त रंग तो, उडत गेला. रोज पाहणाऱ्या तिला ते कळले नाही. मला कळत होते, पण मला बोलता कुठे येते?

आई वारली. न्हानने दुकान आवरले आणि मंडळीच्या मूळपुरुषाच्या स्मरणदिनी ती मला मंडळीत घेऊन आली. त्यांच्या वेदीशेजारी फक्त सेनापती झालेल्या नटांची चित्रे लावायची, ही मंडळीची रीत. वडिलांना तिथे जागा मिळावी, एवढीच आईची शेवटची इच्छा होती.

तरुण व्यवस्थापक खोआने कापड उघडले.

"ताई, हा तर दगाबाज मंत्री! याला इथे लावलं तर मूळपुरुष माझे कान उपटतील."

"आई म्हणायची, सेनापती होते..."

"आया काय, काहीही म्हणतात. माझी आई मला देखणा म्हणते!"

जमलेले सगळे हसले. न्हान हसली नाही. "म्हणजे आई जन्मभर खोटं बोलली," ती हळूच म्हणाली. मला भिंतीशी टेकवून तिने सायगॉनची बस धरली.

दुपारी मंडळीचे जुने ढोलवाले साउ आजोबा आले. थुआनची मुलगी एक चित्र ठेवून गेली, असे खोआने त्यांना सांगितले. मोतीबिंदूमुळे त्यांना रंग दिसत नव्हते. त्यांनी माझ्या जाड रंगावरून बोट फिरवले. "एक, दोन... पाच बटा. अरे गाढवा, दगाबाजाला कधी अशी दाढी असते? त्याला बोकडाचे चार केस! हा आमचा थुआन. याच्या प्रत्येक प्रवेशाला मी ढोल बडवलाय."

"पण आजोबा, चेहरा..."

"रंग उडतो, दाढी राहते. डोळे असून आंधळा तू! ती पोर कुठाय?"

खोआ बसथांब्याकडे धावला. बस गेली होती. तिचा पत्ता कोणी विचारलाच नव्हता.

परतल्यावर त्याने लाल रंगाचा डबा उघडला. आजोबांनी त्याचा हात धरला. "रंग राहू दे. आधी मागे नाव लिही."

मित्रांनो, घरातली चित्रे उन्हात लावू नका. आणि चित्रातल्या माणसाला ओळखणारे कोणी हयात आहे, तोवर मागे नाव लिहून घ्या. मी आता वेदीशेजारी आहे. लोक मला उदबत्ती ओवाळतात. आणि सायगॉनमध्ये एक बाई अजून आपल्या आईला खोटी समजते.