वैरागची उटी

मी एक जुनी उटी आहे. चंदनाची नव्हे हो! बैलगाडी उतारावर उभी केली की ती घरंगळू नये म्हणून चाकाखाली जो लाकडी ठोकळा सारतात, ती मी. माझे काम एकच, अडवून धरायचे. त्यामुळे कौतुक माझ्या वाट्याला फारसे आले नाही. गाडी धावली की बैलांचे नाव होते आणि वेळेवर पोचली की गाडीवानाचे.

वैरागच्या सुताराने बाभळीच्या तुकड्यातून मला तासले आणि कोंडीबांच्या गाडीला दिले. कोंडीबा बाजारचा माल वाहत. त्यांना एकच लेक, वच्छला. तिला दिली ती थेट अक्कलकोटच्या पलीकडे, मैंदर्गीला. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला कोंडीबा तिला आणायला निघाले. न्यायला माहेरचा माणूस, म्हणजे मुराळी, आल्याशिवाय सासुरवाशिणीने निघायचे नाही, अशी रीतच होती. मुक्काम करत करत आम्ही पोचलो. दारातल्या उतारावर मी चाकाखाली गेले आणि वच्छला धावत बाहेर आली. गाठोडे तिने आधीच बांधून ठेवले होते.

तिची सासू शिवबाई एरवी कानडीत बोलायची, रागावली की मराठीत. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

"खुरपणी तोंडावर हाय. औंदा न्हाय धाडायची."

"दोन दिस तरी धाडा, विहीणबाई. तिची आई वाटंला डोळं लावून बसलीया."

"न्हाय म्हनलं की!"

कोंडीबांनी घोटभर पाणीसुद्धा घेतले नाही. "आता ह्या दारात पाय ठिवनार न्हाय," एवढे बोलून त्यांनी बैलांना हाक दिली. मित्रांनो, गाडीवान एक वेळ जेवण विसरेल, उटी विसरत नाही. त्या दिवशी कोंडीबा मला विसरले.

वच्छलाने मला उचलले आणि पदराने पुसले. तेव्हापासून मी चुलीपाशी राहू लागले. भाकरी थापताना ती माझ्यावर बसायची. घरात कोणी नसले की वैरागच्या गोष्टी सांगायची, आणि मला चाकाच्या वंगणाचा वास आठवून भरून यायचे. एकदा जळण संपले म्हणून तिच्या नवऱ्याने, तिप्पण्णाने, माझ्यावर कुऱ्हाड उगारली.

"ती नगा फोडू. माझ्या माहेरची हाय."

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

पुढच्या वर्षी पंचमी आली. गल्लीतल्या सुनांचे भाऊ आले, लिंबाला झोके बांधले गेले. वच्छलाने पुन्हा गाठोडे बांधले. पण कोंडीबा शब्दाचे पक्के. ते आले नाहीत. ती खुरपायला रानात गेली, तेव्हा शिवबाई मला उंबऱ्याशी आणून माझ्यावर रस्त्याकडे बघत बसली. बराच वेळ बसली. मग उठून तिने ते गाठोडे सोडले, आत एक नवा खण ठेवला आणि पुन्हा गाठ मारली. या वेळी ती न रागावताच मराठीत बोलली.

"तिप्पण्णा, गाडी जुप. हिला वैरागला सोडून ये."

"मुराळी कुटं आलाय?"

"न्हाय यायचा. मीच त्याला पान्याबिगर माघारी धाडला." मग तिचा आवाज बारीक झाला. "माझा बाप गेल्यावर मला न्यायला कोन आलंच न्हाय रं. लई वरसं मीबी गाठुडं बांदून ठिवायची."

रानातून आलेल्या वच्छलाचा विश्वासच बसेना. गाडीत चढताना तिने मला काखेत घेतले होते. माझे लाकडी काळीज नाचत होते! पण तिने एकदा सासूच्या तोंडाकडे पाहिले आणि मला उंबऱ्याशी ठेवून दिले.

"असू दे हितंच, आत्याबाई. तुमाला बसायला."

मला ओरडून सांगायचे होते, मलाही ने गं. पण लाकडाला कुठले तोंड? गाडी दिसेनाशी झाली, तरी शिवबाई माझ्यावरून उठली नाही.

आता शिवबाई नाही. मला वाळवी लागली आहे. वैराग मी पुन्हा पाहिले नाही, आणि त्याची ओढ अजून जात नाही. पण मित्रांनो, मला तेल लावा, सावलीत ठेवा, असे मी म्हणणार नाही. आज घरी गेलात की तुमच्या आजीला एवढेच विचारा, तिला माहेरी न्यायला शेवटचे कोण आले होते. ती लगेच सांगणार नाही. तोवर तिच्याजवळ बसून राहा.