सगळं हाताशी

सासूबाईंची पाठ डॉक्टरांनी पाहिली नाही. जन्मवर्ष विचारले आणि कागदावर 'वयोमान' असे लिहिले. रुग्णाकडे न पाहता ओळखता येणारा वैद्यकातला हा बहुधा एकमेव आजार असावा. मुलाने तो शब्द प्रमाण मानला आणि जुन्या शिलाई मशीनच्या एका व्यापाऱ्याला रविवारी यायला सांगितले.

सासूबाई रजया शिवत. कापडाचे लहान तुकडे जोडायचे, प्रत्येक जोड इस्त्रीने बसवायचा, मग पुढचा तुकडा. दुसरे काही करावे अशी त्यांची इच्छा नव्हती.

"मशीन गेलं की मी दिवसभर काय करायचं?"

"आराम कर," मुलगा म्हणाला.

"तो कसा करतात?"

सून इतिहास शिकवत असे. कारण म्हणून पुढे केलेल्या पहिल्याच शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिची व्यावसायिक सवय होती. तिने बसण्याच्या पद्धतीवरची पुस्तके आणली आणि खुर्चीपासून सुरुवात केली. कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी खुर्ची उंच केली, तळवे जमिनीवर सपाट टेकवले, सुई नाकासमोर घेतली, पेडल सुईच्या रेषेत सरकवले. मान वाकू नये म्हणून दिवा जवळ ओढला आणि कमरेच्या खोलगट भागात उशी दिली.

"लग्नाच्या फोटोतसुद्धा मी इतकी सरळ नव्हते गं," सासूबाई म्हणाल्या.

मान मोकळी झाली, खांदे उतरले. पण दुपारपर्यंत कंबर धरलीच.

"पूर्वी कशा बसत होता, आई?"

"पोत्यासारखी."

"आणि दुखायचं नाही?"

"नाही."

म्हणजे केवळ बसण्याच्या पद्धतीने हे कोडे सुटणारे नव्हते. सुनेने उशी काढली नाही, मात्र पुस्तके मिटली आणि सासूबाईंकडे पाहत बसली.

बुधवारी शिवणाच्या खोलीतली इस्त्री जळाली. ही खोली मुलाने अलीकडेच लावून दिली होती. तो एका मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक होता. कामगाराचे एकही पाऊल वाया जाऊ नये, ही त्याची ख्याती. त्याच कौशल्याने त्याने आईची इस्त्री डाव्या हाताला, कात्री दोरीने टेबलाला बांधून आणि रिळे उजव्या खणात आणून ठेवली होती. आल्यागेल्याने कौतुक केले होते. आता इस्त्री दुरुस्त होईपर्यंत घरातली जुनी वापरणे भाग होते, आणि तिची आखूड वायर फक्त स्वयंपाकघरातल्या प्लगपर्यंत पोचत असे. प्रत्येक जोडासाठी सासूबाई उठत, पुटपुटत आत जात, पुटपुटत परत येत.

संध्याकाळी रीळ खाली पडले. त्या वाकल्या, उचलले आणि दोरा ओवू लागल्या.

"आई, पाठ?"

खिशात किल्ली चाचपावी तशा त्या क्षणभर थांबल्या. "अगंबाई, विसरलेच."

मुलाने याला योगायोग म्हटले. जे आपल्या आराखड्यात बसत नाही त्याला योगायोग म्हणण्याची शिकलेल्यांत मोठी परंपरा आहे.

"मग शुक्रवारी इस्त्री दुरुस्त होऊन आली की पुन्हा जवळ ठेवून बघू," सून म्हणाली. "पण दुखलं तर?"

"दुखू दे. आमच्या गोदामवाल्याला पुरावा लागतो ना," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या शास्त्रासाठी एक दिवस आणखी सोसते. त्याला जन्म देताना याहून जास्त सोसलंय."

शुक्रवारी त्या उशीसह, ताठ, पुस्तकात दाखवल्याबरहुकूम बसल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. जेवणाआधीच कंबर धरली. शनिवारी इस्त्री पुन्हा स्वयंपाकघरात गेली आणि दुखणे उतरणीला लागले.

मुलगा खोलीच्या दारात बराच वेळ उभा होता. वाचवलेली पावले शेवटी कोठे जमा होतात, हा प्रश्न त्याच्या व्यवसायात कोणी विचारत नसे. गोदामात ती मालकाच्या नफ्यात जमा होत असावीत. येथे ती आईच्या कमरेत जमा झाली होती.

रविवारी व्यापारी जाड दोर आणि एक हमाल घेऊन आला. मुलाने दारातच सांगितले, "माफ करा. विकायचं नाही."

"आधी कळवायचं हो. पाठीमुळे देत होता ना? बहुतेक पाठीमुळेच देतात. माझी मागची खोली भरलीय अशा मशीननी."

सून पुढे झाली. "तुम्ही घरोघरी जाता. त्या बायकांच्या शिवणाच्या खोल्या कशा असतात हो?"

"खोल्या?" व्यापारी दोर खांद्यावरून उतरवत म्हणाला. "एक नंबर. सगळं हाताशी, बाईला उठायचं कामच नाही. बहुतेक ठिकाणी मुलांनीच लावून दिलेल्या असतात."

आत मशीन थांबले, खुर्ची सरकली आणि सासूबाईंची पावले स्वयंपाकघराकडे गेली. व्यापाऱ्याच्या हातातले दोराचे एक टोक धरून मुलगा त्याला दोर गुंडाळायला मदत करू लागला.