कुमाला नाही म्हणत नाहीत

माझा पाय मोडला तेव्हा शिडी रादिशाने धरली होती. मी त्याच्या आलुबुखाराच्या झाडावर होतो, खाली त्याचा फोन वाजला. मेव्हणा विचारत होता, फळं उतरवायला माणूस मिळाला का? "मिळाला," असं सांगून रादिशाने वळून पाहिलं, तोवर माणूसही उतरला होता.

रादिशा माझा कूम. कूम म्हणजे मित्र नव्हे, नातेवाईकही नव्हे. सुटायला त्याहून अवघड. त्याचे आजोबा माझ्या आजोबांच्या लग्नात साक्षीदार म्हणून शेजारी उभे राहिले, त्याचा बाप माझ्या बापाच्या, आणि माझं ओग्न्येन हे नावही त्याच घराने ठेवलेलं. आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाला कोर्टात खेचतो, पण कुमाला नाही म्हणत नाही. म्हणून रुग्णवाहिकेत तो म्हणाला, "कुमा, काळजी सोड, सर्जन घरचाच आहे," तेव्हा मी मान हलवली. बाकी काही हलत नव्हतं.

घरचा सर्जन म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, डॉक्टर तिहोमिर. ऑपरेशन यशस्वी झाल्याबद्दल रादिशाने ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच डुक्कर भाजलं आणि अर्धं गाव जेवू घातलं. मी उपाशी होतो. मला भूल द्यायची होती.

त्यानंतर मला चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरात नेऊन ठेवलं. लिफ्ट नाही. मांडीपर्यंत प्लास्टर, त्यामुळे कुबड्यांवर स्वयंपाकघर गाठता येई, जिना नाही. भर उन्हाळा, आणि सगळ्या खिडक्या बंद, कारण समोरच्या पेर्सिदा मावशीकडे माझी किल्ली होती. मी एक खिडकी उघडली की ती धावत यायची.

"वारं लागेल पोरा! माझा नवरा असाच गेला."

"मावशी, ते ट्रॅक्टरखाली गेले."

"ट्रॅक्टरच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या."

उन्हाळा गेला, द्राक्षं आली, हाड जुळेना. पाय टेकवला की नडगी आत वाकल्यासारखी व्हायची. भेटायला येणारे कॉफी पीत आणि आपापला सर्जन सुचवीत. सगळ्यांच्या बोलण्यात बेलग्रेडची एक बाई मात्र पुन्हा पुन्हा यायची. न जुळलेली हाडं हेच तिचं काम. पण दुसऱ्या सर्जनकडे जाणं म्हणजे कुमाच्या तोंडावर थुंकणं. शिवाय मला जिन्यावरून उचलून खाली नेईल असा रेडा ओळखीत एकच होता, आणि तो म्हणजे कूमच.

एका दुपारी रादिशा बाजारात गेल्याची खात्री करून डॉक्टर तिहोमिर एकटाच आला. त्याने आधी खिडकी लावली, मग दार.

"ओग्न्येन, असंच राहिलं तर हा पाय कधी तुझं वजन घेणार नाही. तू बेलग्रेडला जा. मी बोटांचा माणूस आहे रे."

"कसल्या बोटांचा?"

"हाताच्या. सुतार बोट कापून घेतात, मी जोडतो. चांगली जोडतो."

"मग माझ्या नडगीला हात कशाला लावलास?"

"दादाने सांगितलं," तो म्हणाला. "आणि डुक्कर भाजून झालं होतं."

त्या घरात अडकलेला मी एकटा नव्हतो, एवढंच समाधान.

बेलग्रेडच्या बाईची वेळ तिहोमिरने गुपचूप घेतली. रादिशाला सांगितलं, नुसता एक्स-रे काढायचाय. त्याने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीसकट उचललं, पायाची बाजू तिहोमिरने धरली. खरं कधी सांगायचं यावर आमचा खल झालेला होता. हात रिकामे असताना रादिशा धोकादायक असतो, म्हणून सांगायचं ते जिन्यावरच.

"दादा," अर्ध्या जिन्यात तिहोमिर म्हणाला, "आपण बेलग्रेडला चाललोय. दुसऱ्या सर्जनकडे."

रादिशा थांबला. मी हवेत होतो.

"कुणी ठरवलं?"

"मी," आम्ही दोघं म्हणालो.

पुढच्या वळणावर त्याने खुर्ची अलगद खाली ठेवली आणि निघून गेला. तिहोमिरने मला एकट्याने उचलून पाहिलं. मी हललो नाही, त्याची कंबर मात्र लचकली. आता वर जाणं नाही, खाली जाणं नाही. लोक माझ्या प्लास्टरवरून पाय टाकून वर-खाली जात होते. पेर्सिदा मावशीने तिथेच कॉफी आणून दिली आणि जिन्याची खिडकी लावली.

"रुसला का?" तिने विचारलं.

"मेला असता तर बरं, इतका रुसला," तिहोमिर भिंतीला टेकून कण्हत म्हणाला.

कॉफी संपून गार पेला हातात घेऊन बसलो होतो, तेव्हा रादिशा वर आला. घाम पुसत म्हणाला, "त्या बाईची सासू आपल्या झ्लाताकाकूच्या गावची निघाली. फोन करून सांगितलंय, ओग्न्येन माझा कूम आहे. असं ओळखीशिवाय कुणाकडे जातात का, बैलांनो?"

त्याने खुर्ची एकट्याने उचलली. खाली ठेवली ती थेट बेलग्रेडला.

सर्जनबाई बुटकी होती, आवाज करवतीसारखा. तिने एक्स-रे उजेडाला धरला.

"हे कुणी केलंय?"

तिहोमिर आपल्या बोटांकडे पाहू लागला. ती खरंच सुंदर होती.

"मी," रादिशा म्हणाला.

"तुम्ही सर्जन आहात?"

"नाही. पण माझ्यापुढे कुणाचं चालत नाही."

बाईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिहोमिरकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. "पुन्हा मोडावं लागेल," ती मला म्हणाली. "मग हाड धरून ठेवायला पायाला बाहेरून धातूच्या कड्या लावीन. वसंत येईपर्यंत घरातच. पण जुळेल. चालाल."

मला रडू आलं, ते कशाचं हे ठरवायच्या आत रादिशा बाहेर गेला होता. दार उघडंच राहिलं. बाहेर कुणा अनोळखी माणसाला तो विचारत होता, "तुमचं काय? खुबा? कोण बघतंय? सोडा त्याला! आत जी बाई आहे ना, ती आपल्या घरचीच. माझं नाव सांगा."

मी टेबलावर आडवा होतो. उठून त्याला गप्प करायला निदान वसंत तरी यावा लागणार होता.