मी जहाज नाही!

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जहाज नाही. मी कळंबजवळच्या दूध शीतकरण केंद्रातलं जुनं इंजिन आहे. वीज गेली की मी धडधडतो, जनरेटर फिरवतो आणि टाकीतलं दूध थंड राहतं. एवढंच माझं काम. पण ज्यांनी मला घडवलं त्यांनाच ते कळत नाही, म्हणून हा सगळा त्रागा.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. माझी कंपनी फार मोठी. कितीतरी देशांतली जहाजं आणि वीजकेंद्रं तिच्या यंत्रांवर चालतात. मलाही जहाजासाठीच घडवलं होतं. माझ्या अंगावर नंबराची पितळी पट्टी ठोकली, तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! पुढे त्या जहाजाचा बेतच रद्द झाला आणि या हातातून त्या हातात जात मी इथं आलो. समुद्राच्या जागी सिमेंटचा हौद मिळाला. केंद्राच्या अध्यक्षा बनाबाईंनी पहिल्याच दिवशी पदरानं माझी पट्टी पुसली. म्हणाल्या, "लई लांबून आलाय गडी. नीट ठिवा ह्याला." सहा वर्षं मी दूध नासू दिलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या पाण्याच्या पंपातला रबरी वायसर झिजला. पाणी गळायचं, मी तापायचो आणि बंद पडायचो. दोनदा दूध नासलं आणि दोनदा डेअरीच्या टँकरनं ते नाकारलं. तिसऱ्यांदा असं झालं तर केंद्र बंद, अशी चिठ्ठीच आली. पाच गावांतल्या बायका इथं दूध घालतात. त्यांनी जायचं कुठं?

बनाबाईंच्या सुनेनं, वृषालीनं, कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीनं पट्टीवरचा नंबर लिहून घेतला आणि म्हणाली, "जहाजाचं नाव सांगा."

"जहाज न्हाय ओ मॅडम, दूध केंद्र हाय."

"नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही."

तीन दिवस हेच दळण! चौथ्या दिवशी बनाबाईंनी वैतागून फोन हातात घेतला. "लिहा, मांजरा," त्यांनी आमच्या नदीचंच नाव ठोकून दिलं.

"बंदर कोणतं?"

"कळंब."

तिकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. मग मुलगी आनंदानं म्हणाली, "हो, सापडलं! वायसर उद्याच निघेल."

निघाला, मित्रांनो. कोलंबोला गेला! वृषालीच्या मोबाइलवर तसा संदेशच आला. मला तर रागानं तापायचीही सोय नव्हती.

त्याच दुपारी वादळ झालं आणि विजेचे खांब आडवे झाले. टाकीत सकाळचं दूध होतं. बनाबाईंनी गॅरेजवाल्या अमरदीपला बोलावलं. त्यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीनं गोल वायसर कापला. मला कमीपणा वाटला, खोटं कशाला बोलू?

"मावशी, कंपनीचा न्हाय ह्यो," तो म्हणाला, "पण गळायचा न्हाय."

मी सुरू झालो. संध्याकाळी टँकर येईपर्यंत बनाबाई माझ्याशेजारी पालथ्या घमेल्यावर बसून होत्या. थोड्या थोड्या वेळानं पंपाखाली हात धरून बघायच्या. हात कोरडाच राहिला. टँकरवाल्या शिवपुत्रनं दुधात तापमापक बुडवला आणि म्हणाला, "चार डिग्री. चालतंय मावशी, भरून घेतो." बनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझाही ऊर भरून आला.

आठ दिवसांनी कंपनीचा संदेश आला. 'मांजरा हे जहाज कोलंबो बंदरात आढळलं नाही. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.'

"बुडालं समजा म्हणावं," बनाबाई म्हणाल्या आणि कॅन धुवायला गेल्या.

मी बुडालेलो नाही, मित्रांनो. ट्यूबच्या वायसरवर आजही चालतो आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी अशा कंपनीत फोनवर बसेल. तेव्हा एखादी बाई सांगेल, "जहाज न्हाय ओ, दूध केंद्र हाय." माझी हात जोडून विनंती आहे, तो फॉर्म क्षणभर बाजूला ठेवा आणि तिला एवढंच विचारा, "कुठं आहे, बाई, तुमचं केंद्र?"