नारळाने फुटलेली बोट

नारळाने बोट फुटते असं मला वसईत कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग घरी नेऊन सोडलं असतं. पण इथे मस्कतमध्ये माझ्याच नवऱ्याने ते कंपनीच्या कागदावर सही करून सांगितलं होतं. तिथे काय बोलणार, कप्पाळ?

माझा नवरा कॉनराड बोटींच्या एका डीलरकडे सर्व्हिसचं बघतो. दार्सैत भागातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रविकांत आणि नूतन राहतात, पुण्याचे. त्यांनी कॉनराडच्या शब्दावर तिथूनच फायबरची छोटी बोट घेतली. पूजेला मी हजर होते. नूतनने बोटीच्या टोकावर नारळ आपटला, तो एका दणक्यात फुटला आणि त्यांच्या मुलीने, अंतराने, सगळ्यांना खोबरं वाटलं. हिवाळा सरायच्या आत बोटीत पाणी झिरपायला लागलं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. रविकांत डीलरकडे गेला. डीलर म्हणाला, कारखान्याला विचारतो. कारखाना म्हणाला, मालकाने बोट कशी वापरली ते आधी कळवा. शेवटी कॉनराडने कंपनीतर्फे लिहून दिलं, की टोकावर नारळाचा मार बसून तडा गेला, जबाबदारी मालकाची. पूजेचा फोटो नूतनने स्वतःच हौसेने सगळ्यांना पाठवला होता. तोच पुरावा म्हणून जोडला. रविकांतने मुकाट्याने वादी कबीर भागातल्या एका वर्कशॉपमधून बोटीचं टोक दुरुस्त करून घेतलं.

रविकांतने बायकोला उठता-बसता ऐकवलं, तुझ्या नारळाने वाट लावली. नूतनचं आमच्याकडे चहाला येणं बंद झालं. जिन्यात भेटली तरी ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. पोरींचं मात्र काही अडलं नाही. आमची लॉरा आणि त्यांची अंतरा एकाच बसने शाळेत जायच्या आणि इंग्लिशमधून जगभरच्या गप्पा मारायच्या.

मला मात्र तेव्हापासून चैन नव्हती. नारळ बसला टोकावर आणि पाणी झिरपतं तळातून, हे कसं? कॉनराडला विचारलं, की तो म्हणायचा, तुला त्यातलं काय कळतं. अरे, मी वसईच्या पाचूबंदरची आहे, होड्या बघत वाढले. तर म्हणे, ते लाकूड, हे फायबर. आणि त्यानंतर हा माणूस न सांगता भांडी घासायला लागला. लग्नापासून स्वतःचा कप ज्याने उचलला नाही, तो कढया घासतोय! मी मनात म्हटलं, मटिल्डा, सावध राहा, यात काहीतरी काळंबेरं आहे.

शुक्रवारी सकाळी अंतराने लॉराला बोटीवर बोलावलं. बंदर खैरानच्या खाडीत जायचं, पोहायचं, दुपारी परत. मी सँडविच भरत होते. कॉनराड स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"लॉराला पाठवू नको."

"का?"

"वारा आहे."

मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या गच्चीवरची चादर जराही हलत नव्हती.

"मग तिला सर्दी झालीय."

"तिला काही झालेलं नाही. बोट दुरुस्त झाली ना?"

"झाली. टोकाला."

सुरी माझ्या हातातच राहिली.

"टोकाला म्हणजे? आणि बिघाड कुठे होता?"

तो खुर्चीवर बसला. "खाली. तळाचा जोडच कच्चा आहे. या मॉडेलच्या आणखी दोन तशाच परत आल्या. नबील म्हणाला, कारखाना भरपाई द्यायला तयार होईपर्यंत बोट घेणाऱ्यावर टाक. अर्बाब आहे तो, कंपनीचा मालक, आपला व्हिसा त्याच्या हातात आहे. मी काय करणार होतो?"

"म्हणजे तुझ्या कागदावर विश्वास ठेवून त्यांनी भलतीकडेच ठिगळ लावलं. आणि आज ते खोल पाण्यात चाललेत."

"म्हणून तर सांगतोय, लॉराला नको."

"आणि अंतरा गेली तर चालेल?"

मला या माणसाची त्या क्षणी किळस आली, खरं सांगते. मी नूतनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"नूतन, कुठे आहेस?"

"मरीनावर. सामान चढवतोय. लॉरा येतेय ना?"

"बोट काढू नका. तळाचा जोड कच्चा आहे."

ती कडवट हसली. "हे आता नवीन का? आज बोट काढली नाही, की उद्या तुमची कंपनी लिहील, उभी ठेवून खराब केली. कोण म्हणतं जोड कच्चा आहे?"

"कॉनराड."

"त्यांनी तर सही करून उलट सांगितलंय. मटिल्डा, तुला त्यांनी फोन करायला लावला ना? आता पुरे."

मागून इंजिनचा आवाज आला. रविकांत कुणाला तरी यल्ला, यल्ला म्हणत घाई करत होता. मी फोन कॉनराडच्या समोर ठेवला.

"बोल."

"नोकरी जाईल," तो पुटपुटला. "लॉराची शाळा..."

"लॉरा घरात आहे, कॉनराड. अंतरा बोटीत आहे."

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि फोनवर वाकला. "नूतनवहिनी, तुमच्या नारळाने काही झालं नव्हतं. मी खोटं लिहिलं. बोट सुरुवातीपासूनच खराब होती. पोरीला खाली उतरवा."

इंजिन चालूच होतं. मग नूतनचा आवाज आला, पण आमच्यासाठी नाही. "अंतरा, उतर. आत्ताच्या आत्ता. अहो, तुम्हीही उतरा."

इंजिन बंद झालं. नूतन परत फोनवर आली.

"भाऊजी, आता हेच परत बोला. स्वतःचं पूर्ण नाव आणि कंपनीचं नाव घेऊन. मी रेकॉर्ड करतेय."

कॉनराडने माझ्याकडे पाहिलं. मी फोन त्याच्याकडे आणखी सरकवला.