साहेबाची बिडी

"आत्या, खुरपं ठेवा खाली. अक्षरं जातील त्यानं," सून आरती म्हणाली, तसा ठकूबाईचा हात जागच्या जागी थांबला.

दोघी सकाळपासून थडग्यापाशी बसल्या होत्या. डिंगोऱ्याच्या शिवेवर, घाटाकडे जाणाऱ्या सडकेला अगदी खेटून गुडघाभर उंचीचा ओटा आणि त्याच्या उशाला एक उभा काळा दगड. काळा म्हणायचा एवढंच. वर बोटभर जाडीचा चुना होता. दर दिवाळीला ठकूबाईच्या घरचं माणूस त्याला चुन्याचा एक हात द्यायचं. हे चालत आलं होतं बहिरूच्या पोरांपासून. बहिरू म्हणजे तिच्या नवऱ्याचा खापरपणजा. त्याने साहेबाचं घोडं धरलं होतं, आणि तेवढ्या पुण्याईवर पुढच्या पाच पिढ्यांनी चुना कालवला.

साहेब म्हणजे विल्मट साहेब. पेशवाई बुडाली आणि जुन्नरात जे पहिले गोरे अंमलदार आले, त्यांतला हा एक. बाजारातली खोटी मापं त्याने भर चौकात फोडली, गावविहिरींचा गाळ काढवला, सडकेला दुतर्फा झाडं लावली. मराठीत बोलायचा थोडं आणि चिडायचा भरपूर, असं लोक सांगत. त्याची मडम जहाजात बसून मायदेशी गेली. साहेब गेला नाही. पेन्शन झाली तरी गेला नाही. जुन्नरच्या वेशीबाहेर मळा घेऊन म्हातारा होईतो राहिला. "हितली हवा मानवली त्याला," असं भागू, ठकूबाईचा नवरा, सांगायचा. भागूला त्याच्या बापाने सांगितलेलं.

तर हा साहेब दर रविवारी घोड्यावर बसून डिंगोऱ्याला यायचा. लगाम बहिरूच्या हातात द्यायचा, या ओट्याशेजारी बसायचा आणि दिवस मावळेपर्यंत चिरूट ओढायचा. कुणाशी बोलायचा नाही. ओट्यावर मात्र कधी बसला नाही आणि दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. पुढे तो दिसेनासा झाला, मेल्याचं कळलं. जिथे जीव रमला तिथेच माणसाने देह ठेवला असणार, असं बहिरूच्या पोरांनी धरलं आणि रविवारी ओट्यावर बिडी पेटवून ठेवायला लागले. चिरूट कुठून आणणार! साहेब मेला, पण त्याची तलफ काही मरू दिली नाही या घराने.

भागू स्वतः बिडी ओढत नव्हता. साहेबाची पेटवताना त्याला ढास लागायची. तरी मेंढरांमागे नसून गावात असला, की त्याचा रविवार कधी चुकला नाही. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, "सायबाचा रविवार चुकवू नगंस." त्यानंतर ठकूबाई बिडी तोंडात धरून पेटवायला लागली. सडकेवरून जाणारे हसायचे. हसेनात का, तिला साहेबाशी मतलब होता.

आणि आता सडक चौपदरी होत होती. साहेबाने लावलेलं शेवटचं झाड मागच्याच महिन्यात पडलं होतं. कामावरचा सुपरवायझर रामदास मनाने चांगला होता. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "मावशी, दगडावर सायबाचं नाव निघालं तर फोटो काढून वर पाठवतो. जुना अंमलदार म्हणल्यावर दोन हात सडक सरकवतील. न्हाई निघालं तर शुक्रवारी मशीन लागंल."

आज गुरुवार होता.

चुन्याखाली अक्षरं आहेत हे भागू सांगायचा. पण इंग्रजी वाचणारी माणसं गावात तयार झाली, तोवर अक्षरं चुन्याखाली गेली होती. आरती नारायणगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने आज रजा टाकली होती. दोन डझन लिंबं पिळून तो रस ती दगडावर सोडत होती आणि जुन्या टूथब्रशने घासत होती. एकावर एक दिवाळ्या उतरत होत्या.

"निघालं!" आरती ओरडली. "वि... विल्मट! आत्या, विल्मटच हाय!"

ठकूबाईने दोन्ही हात कपाळाला लावले. सडकेपलीकडे रामदास उभा होता, त्याला तिने तिथूनच हाक मारली. "आरं ये रं लवकर! निघालं बग माज्या सायबाचं नाव!"

रामदास सडक ओलांडून येईतो आरतीने खालच्या दोन ओळी उघड्या केल्या. मग तिचा हात मंदावला. तिने त्या पुन्हा वाचल्या आणि ब्रश खाली ठेवला.

"काय लिव्हलंय गं? म्होरं वाच की."

"आत्या, हे साहेबाचं नाय." आरतीचा आवाज उतरला होता. "त्याच्या पोरीचं हाय. एलिझा नाव. वय तीन वर्षं, दोन महिने. हितं मुक्कामाला असताना तापानं गेली. बापानं दगड बसवला, असं लिव्हलंय."

ठकूबाईची नजर दगडाच्या पायथ्याशी गेली. तिथे बिड्या जळून जळून काळा डाग पडला होता.

"अगं बया," ती म्हणाली. "आमी लेकराच्या उशाला बिडी पेटवत व्हतो?"

रामदासने फोटो काढले, वर पाठवले, बाजूला जाऊन फोन लावला. बराच वेळ तो नुसतं "हो सर, हो सर" करत होता. परत आला तेव्हा त्याला ठकूबाईकडे बघवेना.

"मावशी, कबर सायबाची असती तर जमलं असतं."

"सायबाचीच हाय की रं. त्याची न्हाई तर कुणाची?"

"तसं नाय. पोरीची कुठं नोंद नाय म्हणत्यात. कुणी वारस पण नाय. तुमच्याकडं ठेवायचा तर दगड घेऊन जावा म्हणाले."

ठकूबाई तशीच बसून राहिली. आरतीला वाटलं, सासूला थडगं जाण्याचं दुःख झालंय. ते तर होतंच. पण ठकूबाई त्या घडीला डिंगोऱ्यात नव्हती. ती घाटघरच्या उतारावर होती, पंचेचाळीस वर्षांमागच्या.

तेव्हा घरात दीडशे मेंढरं होती. दिवाळीनंतर नाणेघाटाने कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी वर यायचं. त्या साली वर येताना घाटघरला तळ पडला आणि निमीला गोवर निघाला. निर्मला तिचं नाव. तीन वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी गेली. लहान लेकराला जाळत नाहीत. भागूने एका झाडाखाली खड्डा घेतला, वर दगड रचले, आणि दुसऱ्या दिवशी तळ हलला. मेंढरांना दुःख कळत नाही, त्यांना चारा लागतो. पुढच्या वर्षी त्याच वाटेने येताना ठकूबाई धावत पुढे गेली. पावसाने उतार धुऊन नेला होता. झाडं सगळी सारखी, दगड सगळे सारखे. ती एकेक दगड उलथून बघत राहिली. शेवटी भागू म्हणाला, "चल, मेंढरं म्होरं गेली." त्यानंतर त्याने निमीचं नाव कधी घेतलं नाही. फक्त रविवारी साहेबापाशी जरा जास्त वेळ बसायला लागला. त्याच्याशी काय बोलायचा ते देव जाणे.

"हवा मानवली म्हनं," ठकूबाई एकदम म्हणाली.

"काय म्हणाला, आत्या?"

"सायबाला हितली हवा मानवली म्हनायचे सगळे. हवा कसली गं! बायकू गेली, राज्य गेलं असतं तरी त्यो गेला नसता. लेकराला टाकून कसा जाईल बाप? राखण बसायचा त्यो हितं." तिने दगडावर हात ठेवला. "त्याला जागा तरी ठावं व्हती."

शेवटचं वाक्य आरतीला कळलं नाही. तिने सासूच्या पाठीवरून हात फिरवला.

शुक्रवारी मशीन आलं, पण रामदासने ते लांब उभं करायला लावलं. चार माणसांनी पहारी घालून दगड काढला. ओट्याखालची माती हातांनीच उकरा, असं ठकूबाई हटून बसली, आणि कुणी तिला नाही म्हणालं नाही. कंबरभर खणलं तरी मातीशिवाय काही निघालं नाही. दोनशे वर्षांत मातीने आपलं ते आपलंसं केलं होतं. तिने एक घमेलं माती भरून घेतली. मुलगा गोरख टेम्पो घेऊन आला होता. घरामागे सीताफळीच्या झाडाखाली त्यांनी ती माती घातली आणि वर दगड उभा केला.

"मग साहेब कुठं पुरला असंल, आत्या?" आरतीने विचारलं.

"काय ठाव. त्याला हुडकाया कोण व्हतं?"

रविवार आला. ऊन कलल्यावर ठकूबाईने बिडीचं बंडल काढलं. गोरखला वाटलं, आता तरी हे थांबेल. त्याने बायकोकडे बघून मान हलवली. ठकूबाईने बिडी पेटवली, खोकली आणि सीताफळीकडे निघाली. दगडाजवळ गेल्यावर ती थबकली. वारा कुठून येतोय ते तिने पदर धरून पाहिलं. मग मागे फिरून चार हात लांब, कुंपणाकडेच्या एका सपाट दगडी चिपेवर तिने बिडी ठेवली. धूर तिथून शेताकडे जात होता.

"हितं बस आता," ती म्हणाली. "लेकराच्या तोंडावर धूर नगं."

घरात जाऊन ती दूध घेऊन आली. दगडापुढे तिने एक वाटी ठेवली, आणि तिच्याशेजारी दुसरी.

"आत्या, दोन वाट्या?"

"एकलीलाच दिलं तर निमी रुसंल की."

आरतीला या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती. हे नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. "निमी कोण?" तिने हळूच विचारलं.

ठकूबाईने पदराने दगडावरची धूळ पुसली, थोडी बाजूला सरकली आणि सुनेला शेजारी बसायला जागा करून दिली.