पाठीवरचा इस्त्रीचा डाग

मित्रांनो, माझ्या पाठीवर इस्त्रीच्या टोकाएवढा एक चकाकता डाग आहे. तो पाहून कोणी नाक मुरडले की मला राग येतो. मी एक जुने फ्लीसचे जॅकेट आहे. आतून-बाहेरून मऊ कापड आणि मध्ये वारा अडवणारा पातळ पापुद्रा, अशी माझी घडण. तो पापुद्रा कोणाला दिसत नाही, पण माझा सगळा तोरा त्याच्यावरच.

दुकानात मी कोपऱ्यात टांगलेले होते. एके दिवशी एक ताई तिच्या बाबांना घेऊन आली. बाबांना मागच्या वर्षी न्यूमोनिया झाला होता. त्याआधी ते दर रविवारी घरामागची टेकडी चढत. आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण छातीला-पाठीला वारा लागू द्यायचा नाही, या अटीवर. टेकडीसाठी बाबांचा जीव नुसता तुटत होता.

बाबांनी एक जाडजूड, फुगीर फ्लीस उचलले. ताईने त्याच्या कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारली. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली. मग मला फुंकले, तर तळहाताला काहीच कळले नाही. तिने बाबांना स्वेटरवरून मला घालायला लावले, हात वर करायला लावले, कंबर उघडी पडत नाही ना ते पाहिले. मी हलताना कुरकुरते, अशी बाबांची तक्रार होती. पण लेकीपुढे त्यांचे काही चालले नाही.

आता घोटाळा ऐका. बाबांनी चाळीस वर्षे इस्त्रीचे दुकान चालवले होते. चुरगळलेला कपडा घालून बाहेर पडणे त्यांना जमतच नसे. निघायच्या सकाळी माझ्या पाठीवरची घडी दिसली आणि त्यांचे हात शिवशिवले. माझ्या कॉलरमध्ये इस्त्रीवर फुली मारलेले चित्र आहे. इतका मुरलेला माणूस ते कशाला पाहील? इस्त्री टेकली आणि पाठीचा पापुद्रा आक्रसून गेला. बाबा घाबरले. डागाबद्दल काही न सांगता मला घालून ताईबरोबर टेकडीकडे निघाले.

टेकडीच्या अर्ध्यावर वारा मागून आला आणि त्या डागातून आत घुसला. मला फार लाज वाटली. बाबांना खोकला आला. ताईने त्यांना वळवून पाठ पाहिली.

"तू एवढ्या हौसेनं आणलंस," बाबा मान खाली घालून म्हणाले. "चुरगळलेलं कसं घालायचं गं?"

आता इथूनच परत, असे मला वाटले. पण ताईने आपली सॅक उतरवली, पाण्याच्या बाटल्या स्वतःकडे घेतल्या आणि सॅक बाबांच्या पाठीवर चढवली. डाग बरोबर सॅकखाली झाकला गेला.

"पट्टे आवळा," ती म्हणाली. "आणि दमलात तर सांगा."

आजारपणापासून घरात बाबांना कोणी साधी पिशवीसुद्धा उचलू देत नव्हते. त्यांनी पट्टे आवळले आणि ते ताठ उभे राहिले. हळूहळू खोकला थांबला. माथ्यावर ताईच्या आधी तेच पोचले.

मित्रांनो, जॅकेट घेताना जरूर फुंकून पाहा. घरी आणल्यावर कॉलरमधली चिठ्ठी वाचा, गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि मायेपोटी कोणाच्या हातून चूक झालीच, तर त्याला अर्ध्या वाटेवरून परत नेऊ नका.

त्या दिवसाला आठ वर्षे झाली. नवे जॅकेट घेऊ, असे ताई दर वर्षी म्हणते. बाबा ऐकत नाहीत. नवे आले तर सॅक पुन्हा ताईकडे जाईल ना!